अंग एवढं सुजलंय, मग बीपी का लागत नाही?

गुंगीवाला (धागाकर्ता), सोमवार रात्री ११.४०

गेल्या आठवड्यातली रात्रपाळी. आयसीयूत साधारण पंचावन्नच्या एक बाई. लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलेलं, दोन दिवस घरी ताप अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी बरळायला लागल्या तेव्हा रिक्षात घालून आणलं. पहाटे दोनच्या सुमारास सिस्टर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, बांगड्या वाढवाव्या लागतील." मनगट सुजून हिरव्या काचेच्या बांगड्या रुतल्या होत्या. साबण लावून झाला होता, उपयोग शून्य.

विचारायला बाहेर गेलो. यजमान बाकावर बसलेले. म्हणाले, "बांगड्यांचं काय करायचं ते करा. पण मला एक सांगा. काल तुम्ही म्हणालात, अंगात पाणी कमी पडलंय, म्हणून सलाईन लावलं. आज अंग तट्ट फुगलंय आणि तुम्ही म्हणताय बीपी लागत नाही. मग ते पाणी गेलं कुठं?"

एमडीच्या तोंडी परीक्षेत मला याहून सोपे प्रश्न आले होते.

पाणी अंगातच आहे, पण रक्तवाहिनीच्या बाहेर. आपण रक्तवाहिनी म्हटली की नळी डोळ्यांपुढे आणतो. त्या नळीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिन्यांमध्ये तर अस्तराशिवाय जवळजवळ दुसरं काही नसतंच. या अस्तरावर रक्ताच्या बाजूने साखर आणि प्रथिनांची लव असते, ग्लायकोकॅलिक्स. नदीच्या घाटाच्या पायरीवर बुळबुळीत शेवाळ धरतं ना, तसं समजा. ही लव इतकी नाजूक की सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करतानाच निघून जायची. १९६६ साली लुफ्ट यांनी रुथेनियम रेड हा रंग वापरला तेव्हा कुठे ती नीट दिसली.

या बाईंना इन्फेक्शनातून सेप्सिस झाला होता. सेप्सिसमध्ये जंतू आणि त्यांच्यावर तुटून पडलेली आपलीच फौज यांच्या धुमश्चक्रीत ही लव खरवडली जाते. तिचे तुकडे रक्तात तरंगताना मोजताही येतात. मग शेजारच्या पेशींमधले सांधे उसवतात. रक्तात पाणी धरून ठेवायचं मोठं काम अल्ब्युमिन या प्रथिनाचं. धडधाकट माणसातही ते तासाला साधारण ५ टक्के बाहेर झिरपतं आणि लसीकावाहिन्यांतून परत येतं. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळतं तेव्हा, हे झिरपणं कित्येक पटींनी वाढतं, आणि अल्ब्युमिन गेलं की त्यामागे पाणी गेलंच. भरीला वाहिन्या सैलावतात. पेल्यातलं ताक परातीत ओतलं तर तेवढंच ताक तळाशी बसतं, तसं उरलेलं रक्तही अपुरं पडायला लागतं.

यजमानांना एवढं पुराण लावलं नाही. म्हटलं, "काका, मडकं पाझरतंय. आम्ही वरून ओततोय, ते खालून जातंय."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मडकंच लिंपायचं काही औषध नाही का?"

नाही. अजून तरी नाही. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

---

खडूफळा, मंगळवार सकाळी ७.०५

वाखु (वाचनखूण) साठवली. डॉक, एक बाळबोध शंका. आमच्याकडे पायात खिळा जाऊन पू झाला की "सेप्टिक झालं" म्हणतात. सेप्सिस म्हणजे तेच, फक्त रक्तात?

---

गुंगीवाला, मंगळवार सकाळी ७.५०

नाही सर, आणि हा घोळ फार महागात पडतो. पायातला पू म्हणजे इन्फेक्शन. त्याला तोंड देताना शरीराचा तोल सुटून स्वतःचेच अवयव बिघडायला लागले, जिवावर बेतलं, की सेप्सिस. २०१६ पासून व्याख्या अशी आहे. त्यात जंतू रक्तात सापडलाच पाहिजे अशी अट नाही. कितीतरी पेशंटचं ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरं येतं आणि नातेवाईक म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे!"

आकडाच हवा तर, २०१७ या एका वर्षात जगभरात अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख त्यात गेले. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक.

---

पाइपफिटर, मंगळवार सकाळी १०.२०

आमच्या प्लँटमध्ये लाइन लीक झाली आणि बंद करता येत नसली, तर पंप वाढवून प्रेशर धरतो. इथेही गळतंय त्यापेक्षा जास्त वेगाने सलाईन सोडायचं. हिशेब सोपा आहे.

---

गुंगीवाला, मंगळवार दुपारी २.१५

आम्हीही बरीच वर्षं असाच विचार करायचो. तुमच्या प्लँटमध्ये गळालेलं पाणी जमिनीवर जातं. इथे ते फुप्फुसात जातं, आतड्याच्या भिंतीत जातं. सुजलेल्या भागात केशवाहिनी आणि पेशी यांच्यातलं अंतर वाढतं, मग प्राणवायूला तेवढं लांब पोहोचावं लागतं. शिवाय फार जोराने, फार जास्त द्रव गेला तर उरलीसुरली लवही निघते, असं प्रयोगांमध्ये दिसलंय.

आमचा सगळ्यांचा समज हलवला तो 'फीस्ट' चाचणीने, २०११ साली. केनिया, युगांडा आणि टांझानियातली ३,१४१ मुलं, तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेलं. काहींना झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिनचा बोलस (एकदम दिलेला मोठा डोस), काहींना बोलस नाही. बोलस दिलेल्या मुलांपैकी ४८ तासांत साधारण १०.५ टक्के गेली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. त्यात मलेरियाची मुलं बरीच होती, आणि तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, त्यामुळे हे जसंच्या तसं आपल्या मोठ्या रुग्णालयाला लागू होत नाही. पण "ओता, ओतल्याने काय बिघडतंय" हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या तोंडून गेलं.

सुरुवातीला सलाईन लागतंच, याबद्दल वाद नाही. पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली अशी शिफारस आजही आहे. खरी भांडणं त्यानंतर किती द्यायचं यावर. अमेरिकेत १,५६३ पेशंटवर हात आखडता विरुद्ध हात सैल अशी चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला. मृत्यूंमध्ये फरक नाही. म्हणून दर वेळी पेशंटजवळ जाऊन बघायचं, दुसरा उपाय नाही. या बाईंचं वजन चार दिवसांत ९ किलो वाढलं होतं.

---

सूक्ष्मदर्शक, मंगळवार रात्री ९.३०

पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढली, म्हणून दोन पैसे टाकतो. "मडकं" छान आहे, पण मडकं निर्जीव असतं. हे अस्तर स्वतः औषधं बनवतं, ही माझी आवडती गोष्ट.

ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीची पट्टी कापून तिच्यावर ॲसिटिलकोलिन हे रसायन टाकायचे. वर्षानुवर्षं पट्टी आकसायची. १९७८ साली त्यांच्या तंत्रज्ञाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि धमनी आकसायच्या ऐवजी सैल पडली! शोध घेतला तेव्हा लक्षात आलं, की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू नकळत घासली जात होती. घासली की अस्तर गेलं, अस्तर गेलं की सैल पडणं गेलं. मग त्यांनी अस्तर काढलेली पट्टी आणि अस्तर असलेली पट्टी सँडविचसारखी एकमेकींवर ठेवली. बिनअस्तराचीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होतं. १९८० मध्ये हे छापून आलं, ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला आणि १९९८ साली इग्नारो आणि मुराद यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. आम्ही स्लाइड बनवताना असं कितीदा काय काय घासून टाकलं असेल, देव जाणे.

आता गंमत बघा. सेप्सिसमध्ये हाच वायू बेसुमार तयार होतो म्हणून वाहिन्या सैलावतात, हे कळल्यावर कुणालाही काय सुचेल? तो बंद करा. तसं औषध काढलं. ७९७ पेशंटवर चाचणी झाली. बीपी खरंच सुधारलं! आणि औषध घेतलेल्यांपैकी २८ दिवसांत ५९ टक्के गेले, न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के. चाचणी मध्येच थांबवली. मॉनिटरवरचा आकडा हिरवा आणि पेशंट स्मशानात. तोच वायू बारीक वाहिन्या उघड्या ठेवत होता, तो सरसकट दाबल्यावर दुसरं काय होणार.

---

पाइपफिटर, मंगळवार रात्री ९.५०

बाप रे. म्हणजे प्रेशर गेज बरोबर आणि शेवटच्या नळाला पाणी नाही.

---

सूक्ष्मदर्शक, मंगळवार रात्री १०.०५

अगदी तेच. सेप्सिसमध्ये किडनीकडे जाणारं एकूण रक्त कधी कधी नेहमीइतकं किंवा त्याहून जास्तही असतं आणि तरी लघवी बंद होते. रक्त येतं, पण गल्लीबोळांत शिरत नाही. काही केशवाहिन्या बंद, काहींतून रक्त सुसाट निघून जातंय.

---

रेवाकाठ, बुधवार पहाटे १.१०

मी इथे फक्त वाचते. पण हे वाचून झोप लागेना.

बाबांना दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियातून सेप्सिस झाला. पाचव्या दिवशी बोटांची टोकं काळी पडली, दोन्ही हातांची. प्लेटलेट्स उतरत होत्या, नाकातून रक्त येत होतं. एक डॉक्टर म्हणाले रक्त गोठतंय, दुसरे म्हणाले रक्त गोठत नाहीये. भाऊ तिथेच ओरडला, "आधी तुमचं तुम्ही ठरवा!" तिसरे जाता जाता म्हणाले, "बीपीच्या औषधाने होतं असं." बाबा सातव्या दिवशी गेले. आमच्या डोक्यात आजही हेच बसलंय की त्या औषधाने बोटं गेली. कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं नाही.

---

गुंगीवाला, बुधवार सकाळी ६.३०

ताई, ती पाच मिनिटं तुम्हाला मिळायला हवी होती. ते दोघेही डॉक्टर खरं बोलत होते, पण ते तुमच्यापुढे एकमेकांशी जोडून दाखवणं त्यांचं काम होतं.

चांगलं अस्तर रक्ताला गोठू देत नाही. त्याच्यावर थ्रोम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, ते प्रोटीन सी ला जागं करतं आणि गुठळीला आवर घालतं. सेप्सिसमध्ये हे पहारेकरी अस्तरावरून गळून पडतात, उलट गुठळी पेटवणारा टिश्यू फॅक्टर पुढे येतो. मग हजारो बारीक वाहिन्यांत एकदम गुठळ्या धरतात. त्यात प्लेटलेट्स आणि गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात, आणि नाकातून रक्त आलं तर थांबवायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून बोटात गोठतं आणि नाकातून वाहतं, एकाच वेळी.

आणि नॉरॲड, म्हणजे ते बीपीचं औषध. त्याचा हात नसतोच असं म्हणणार नाही, ते वाहिन्या आवळतं. पण बोटाच्या टोकाला आधीच गुठळ्या धरलेल्या असतात. ते बंद केलं असतं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त पोहोचलं नसतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत नेमकं काय किती होतं, ते कागद न बघता मी सांगू शकत नाही.

---

सूक्ष्मदर्शक, बुधवार सकाळी ११.००

रेवाकाठ, डॉकच्या प्रोटीन सी च्या मुद्द्याला जोडून. हे प्रोटीन सी बाहेरून द्यायचाही प्रयत्न झाला. २००१ साली १,६९० पेशंटच्या चाचणीत मृत्यू ३०.८ वरून २४.७ टक्क्यांवर आले, त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली, झायग्रिस नावाने बाजारात आलं. महागडं, आणि रक्तस्रावाचा धोका. पुढे सेप्टिक शॉकच्या पेशंटवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा फायदा दिसेना. औषध घेतलेल्यांत २६.४ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत २४.२. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतलं. दहा वर्षं आम्ही त्याला मडकं लिंपणारं पहिलं औषध समजत होतो.

---

काढेवाले_नाना, बुधवार दुपारी १.४५

एवढ्या चाचण्या, एवढा खर्च! साधं सी जीवनसत्त्व रक्तवाहिन्यांचं अस्तर मजबूत करतं हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. हिरड्यांतून रक्त यायचं ते कशाने थांबतं? आवळा. पण स्वस्त पडला की डॉक्टरांना चालत नाही.

---

गुंगीवाला, बुधवार संध्याकाळी ६.२०

नाना, तुमचा तर्क चुकीचा नाही, आणि डॉक्टरांनाही तोच सुचला होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका आयसीयूने सी जीवनसत्त्व, थायमिन आणि हायड्रोकॉर्टिझोन मिळून विलक्षण फायदा झाल्याचं छापलं. आम्हीही दिलं, मीही दिलंय. स्वस्त होतं म्हणूनच दिलं! मग नीट चाचण्या झाल्या. २०२२ ची 'लोव्हिट' बघा. सेप्सिसच्या पेशंटना शिरेतून सी जीवनसत्त्वाचे मोठे डोस. मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं, दोन्ही मिळून, सी घेतलेल्यांत ४४.५ टक्के आणि न घेतलेल्यांत ३८.५. उलटं झालं.

आवळा खा, मोरावळा खा, माझीही ना नाही. पण ताप आलेला माणूस बरळायला लागला तर काढा उकळत बसू नका.

---

काढेवाले_नाना, बुधवार संध्याकाळी ६.४०

बरळायला लागल्यावर काढा देतो असं मी कुठे म्हटलं? असो.

---

संत्रानगरी, बुधवार रात्री ८.१५

आमच्या विदर्भाकडची भर घालतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसने धुमाकूळ घातला होता. तो जंतू थेट या अस्तराच्या पेशीतच घर करतो. बाकी जंतू बाहेरून दगड मारतात, हा घरात घुसून बसतो. गवतातल्या बारीक माइटच्या पिल्लांच्या चाव्यातून येतो. माझा मोठा भाऊ शेतातून आला, ताप, डोकं ठणकत होतं. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. चौथ्या दिवशी एका पोरसवदा डॉक्टरने पूर्ण कपडे काढून तपासलं, तर काखेत सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली! डॉक्सिसायक्लिन सुरू केलं अन् दोन दिवसांत ताप उतरला. तोवर चेहरा सुजला होता, श्वास लागत होता. आज हा धागा वाचून समजलं का सुजला होता ते.

डॉक, डेंग्यूतही असंच झिरपतं ना? मग तिथे सगळे प्लेटलेट्सच्याच मागे का धावतात जी?

---

गुंगीवाला, बुधवार रात्री १०.३०

त्या पोरसवदा डॉक्टरला माझा दंडवत. काख, जांघ, कमरपट्ट्याखाली. खपली लपते तिथेच आणि दुखत नाही, त्यामुळे पेशंट सांगत नाही.

डेंग्यूबद्दल शंभर टक्के बरोबर. विषाणूचं एनएस-१ प्रथिन, ज्याची आपण टेस्ट करतो, तेच अस्तराची लव खरवडतं. ताप उतरतो, घरचे हुश्श करतात, आणि नेमकं तेव्हाच झिरपणं सुरू होतं. त्या एकदोन दिवसांत प्लेटलेट्सपेक्षा हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय का ते बघायचं, कारण पाणी बाहेर गेलं की रक्त दाट होतं. पण व्हॉट्सॲपवर फिरतो तो प्लेटलेट्सचा आकडा. पपईच्या पानांवर आत्ता बोलत नाही, नाना परत येतील.

---

लीड्सची_ताई, गुरुवार पहाटे ४.५०

इकडे रात्रपाळी, म्हणून या वेळी. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. आम्हाला 'सेप्सिस सिक्स' घोकून घेतलंय: पहिल्या तासात तीन द्यायचे, तीन मोजायचे. प्राणवायू, अँटिबायोटिक, सलाईन द्यायचं. ब्लड कल्चर, लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं ते), लघवी बघायची. यातलं एकही अस्तराचं औषध नाही हे मला आज जाणवलं. जंतू मारायचा आणि अस्तर सावरेपर्यंत वेळ काढायचा, एवढंच आपण करतो.

नख दाबून बघायची पद्धत तुमच्याकडे वापरता का? मला मशीनपेक्षा त्याचाच भरवसा वाटतो.

---

गुंगीवाला, गुरुवार सकाळी ८.००

वापरतो. बोटाच्या पेरावर काचेची पट्टी दहा सेकंद दाबून धरायची, सोडायची, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांच्या वर गेलं की गल्लीबोळ अजून बंद आहेत. लॅटिन अमेरिकेत २०१९ साली ४२४ पेशंटवर लॅक्टेटच्या तोडीस तोड ही पद्धत लावून पाहिली. २८ दिवसांत नखवाल्यांपैकी ३४.९ टक्के गेले, लॅक्टेटवाल्यांपैकी ४३.४. संख्याशास्त्राच्या रेषेला जेमतेम टेकता टेकता राहिलं, त्यामुळे नखाने जीव वाचतो असं छातीठोकपणे सांगत नाही. पण खर्च शून्य, आणि डॉक्टरला पेशंटचा हात धरावा लागतो. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते का तेही बघतो. त्या बाईंची पहिल्या रात्री मांडीपर्यंत चढली होती.

---

खडूफळा, गुरुवार सकाळी ९.१०

डॉक, सगळं सांगितलंत आणि मुख्य राहिलं. त्या बाईंचं काय झालं?

---

गुंगीवाला, गुरुवार रात्री ११.१५

बांगड्या त्याच रात्री वाढवल्या. सिस्टरने खालून गॉज सरकवला, यजमानांना आत बोलावलं, त्यांच्यासमोर एकेक करून. त्यांनी तुकडे कागदात बांधून खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉरॲडचा वेग थोडा कमी करता आला. संध्याकाळी नख दाबलं, दोन सेकंद. मूत्रनलिकेत खडा अडकला होता, तिथे नळी टाकून पू मोकळा केला होता, त्याचं श्रेय मोठं. मग एका रात्री लघवी सुटली, पिशवी भरभरून. झिरपलेलं पाणी परत वाहिन्यांत यायला लागलं की असं होतं. आठवड्यात नऊपैकी सात किलो उतरले. आज वॉर्डात हलवलं. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) अजून चढंच आहे, आवाज बसलाय, हातात पेला धरवत नाही.

संध्याकाळी गेलो तर यजमान कासाराला फोनवर माप सांगत होते. आधी अडीचच्या लागायच्या, आता सव्वादोनच्या आणा म्हणाले. बाई खाटेवरून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अडीचच्याच आणा. भरतील हात."